गुणवत्तेचा अंदाज की ऐपतीचा हिशेब?

दहावीचा निकाल लागला की माढा, कुर्डुवाडी, टेंभुर्णी ह्या परिसरातील कितीतरी घरांत एकच प्रश्न उभा राहतो : मुलाला वा मुलीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, आयआयटीत जागा मिळण्याची शक्यता किती? पूर्वी असा प्रश्न शाळेतल्या गुरुजींना विचारला जाई. आता त्याचे उत्तर लातूर, पुणे वा राजस्थानातील कोटा येथील खासगी शिकवणीवर्ग देतात. ते एक चाचणी घेतात, गुणांवरून क्रमांकाचा अंदाज बांधतात, गेल्या वर्षीचा कटऑफ समोर ठेवतात आणि शक्यता सांगतात. ती सांगून झाल्यावर शुल्काचा आकडाही सांगतात. शेतकरी बाप मग कपाशी वा उसाच्या पट्टीशी त्या आकड्याचा मेळ घालीत बसतो.

ह्या अंदाजामागचे गणित चुकीचे असते असे नाही. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला सुमारे २४ लाख विद्यार्थ्यांनी नावे नोंदवली. एमबीबीएसच्या जागा देशभरात सुमारे १ लाख १० हजार, आणि सामान्य कुटुंबाला परवडतील अशा सरकारी जागा त्यांच्या निम्म्याहून थोड्याच अधिक. त्याच वर्षी आयआयटीच्या अंतिम परीक्षेला सुमारे १ लाख ८० हजार विद्यार्थी बसले, जागा १७,७४०. परंतु ही सरासरी सर्वांना सारखी लागू पडत नाही. कोणाची शक्यता किती, हे परीक्षेच्या दिवसापूर्वीच बऱ्याच अंशी ठरून गेलेले असते, आणि ते ठरवणाऱ्या गोष्टी उत्तरपत्रिकेत कोठेही दिसत नाहीत.

‘नीट’ कितीही वेळा देता येते. ही सवलत कागदावर सर्वांना आहे. प्रत्यक्षात ती ज्याला आणखी एक वर्ष न कमावता बसून अभ्यास करणे परवडते त्यालाच आहे. तमिळनाडू शासनाने नेमलेल्या न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ साली दिलेल्या अहवालात ह्याचा आकडेवार पुरावा आहे. त्या राज्यात २०१६-१७ साली वैद्यकीय प्रवेश मिळवणाऱ्यांत पुन्हा परीक्षा देणारे सुमारे १२ टक्के होते. ‘नीट’ लागू झाल्यावर २०२०-२१ पर्यंत ते सुमारे ७१ टक्के झाले. चार वर्षांत तमिळ मुलांची बुद्धी बदलली नव्हती. बदलली होती ती मोजपट्टी. भाषेचेही तसेच. आयआयटीची पहिली पायरी असलेली परीक्षा २०२१ पासून मराठीत देता येते. दुसरी आणि निर्णायक परीक्षा मात्र इंग्रजी वा हिंदीतच द्यावी लागते. मराठी शाळेतील मुलाला पहिल्या दाराशी त्याच्या भाषेत स्वागत मिळते आणि दुसऱ्या दाराशी ती भाषा बाहेर ठेवून यावी लागते.

२०२४ च्या ‘नीट’मधील एका प्रश्नाची कथा ह्या साऱ्या व्यवस्थेवर प्रकाश टाकणारी आहे. पदार्थविज्ञानातील त्या प्रश्नाची दोन उत्तरे परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेने ग्राह्य धरली होती, कारण एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकाप्रमाणे एक उत्तर बरोबर ठरत होते आणि नव्या पुस्तकाप्रमाणे दुसरे. सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आयआयटीच्या तज्ज्ञांचे मत मागवले. त्यांनी एकच उत्तर बरोबर ठरवले आणि चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे प्रत्येकी पाच गुण गेले : मिळालेले चार आणि वर दंडाचा एक. शास्त्राच्या दृष्टीने तज्ज्ञांचा निर्वाळा योग्यच होता. पण जुनी पुस्तके कोणाच्या घरात असतात? थोरल्या भावाचे पुस्तक धाकट्या बहिणीच्या दप्तरात जाते अशाच घरांत. जेथे पाच गुणांनी क्रमांक हजारोंनी खाली घसरतो, तेथे नवे पुस्तक न घेता येणे हीच ‘गुणवत्तेची उणीव’ ठरते.

माढ्याच्या मातीत बुद्धीचा वा अध्यापनाच्या निष्ठेचा दुष्काळ आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. ह्याच तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांना २०२० साली ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा आंतरराष्ट्रीय सन्मान मिळाला आणि पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. प्राथमिक शाळेत इतके घडू शकते. मग गळती कोठे होते? ती अकरावी-बारावीत होते. राज्यातील अनेक कनिष्ठ महाविद्यालये विज्ञान शाखेपुरती केवळ नाव नोंदवण्याची कचेरी झाली आहेत. विद्यार्थी तेथे नावाला आणि शिकवणीवर्गात प्रत्यक्ष. हे रोखण्यासाठी २०१८ साली राज्य शासनाने काही विभागांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. पण वर्गात शिकवले जाईल ह्याची हमी नसेल तर अंगठा उमटवून काय साधणार? दुसरीकडे केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणीवर्गांना निकालाची हमी देण्यास मनाई केली, आणि ह्याच शिकवणीच्या शुल्कावर ते १८ टक्के कर वसूल करते. रोगावर नाराजी आणि रोगापासून उत्पन्न, असा हा व्यवहार आहे.

प्रदेशाच्या न्यायाचा प्रश्नही असाच अर्धवट सुटला. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशासाठी ७० टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांना आणि ३० टक्के जागा संपूर्ण राज्याला खुल्या, अशी पद्धत होती. ती सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाली. आपल्या विभागात महाविद्यालये कमी असल्याने आपल्यावर अन्याय होतो, ही मराठवाड्याची तक्रार खरी होती. पण त्या विभागणीत माढ्याचा विद्यार्थी मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्यांच्या रांगेत आणि शेजारच्या परंडा तालुक्यातला विद्यार्थी मराठवाड्याच्या रांगेत उभा असे. दोघांचे पाऊसपाणी एक, दोघांच्या अडचणी एक. त्यांना वेगळे करणारी रेषा निजामाच्या राज्याची जुनी सीमा होती. ती पद्धत गेली, पण मागासलेपणाचे अधिक नेमके माप तिच्या जागी आले नाही.

ह्यावर उपाय म्हणून सामाईक परीक्षाच मोडीत काढावी, असे सुचवणे सोपे आहे, शहाणपणाचे नाही. १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदान महाविद्यालयांना मोकळी वाट मिळाली आणि देणगीचा बाजार इतका माजला की १९८७ मध्ये कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला. सामाईक परीक्षेने निदान त्या बंद खोलीतील सौद्यांना काही लगाम घातला, हे मान्य केले पाहिजे. म्हणून परीक्षा असावी; पण मिळालेले गुण हा अखेरचा शब्द नसावा. विद्यार्थी कोठे पोहोचला एवढेच न पाहता तो कोठून निघाला हेही मोजले जावे.

असे मोजता येते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने १९७० च्या दशकात मागास जिल्ह्यांतून येणाऱ्यांना जादा गुण देण्याची पद्धत सुरू केली. १९८३ मध्ये ती बंद झाली आणि विद्यार्थ्यांच्या रेट्याने १९९० च्या दशकात पुन्हा आली. अमेरिकेतील टेक्सास राज्याने १९९७ मध्ये कायदा करून प्रत्येक शाळेतील पहिल्या दहा टक्के विद्यार्थ्यांना राज्याच्या विद्यापीठांत प्रवेशाचा हक्क दिला. म्हणजे खेड्यातील मुलाची तुलना त्याच्याच बाकावरच्या मुलांशी झाली, राजधानीतील धनिकांच्या मुलांशी नव्हे. तमिळनाडूने २०२० मध्ये सरकारी शाळेत शिकून ‘नीट’ उत्तीर्ण होणाऱ्यांसाठी वैद्यकीयच्या साडेसात टक्के जागा राखल्या. सामाजिक आरक्षणाला धक्का न लावता, प्रत्येक प्रवर्गाच्या आतच ही तरतूद बसवली गेली.

महाराष्ट्राने हा मार्ग धरावा. येथे खेड्यांतील माध्यमिक शिक्षण प्रामुख्याने अनुदानित शाळांत होते. तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळांबरोबर ग्रामीण अनुदानित शाळांचाही त्यात समावेश हवा. अकरावी-बारावीच्या विज्ञान शिक्षकांची रिक्त पदे भरणे आणि तालुक्याच्या ठिकाणी शासनाच्या खर्चाने परीक्षेची तयारी करून घेणे, हे त्याचे दुसरे अंग. एकाशिवाय दुसरे लंगडे पडेल.

१८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुले ह्यांनी एक हिशेब मांडला होता : शिक्षणावर होणारा खर्च रयतेच्या घामातून येतो आणि त्याचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो. आजही सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आणि आयआयटी जनतेच्या पैशावर उभ्या आहेत. माढ्याचा शेतकरी खतावर, डिझेलवर, मुलाच्या पेनावर कर भरून त्या चालवतो. आपल्या मुलाला तेथे जागा मिळण्याची शक्यता किती, हे त्याने शिकवणीवर्गाला विचारण्याचे दिवस संपले पाहिजेत. ती इतकी कमी का, हे त्याने आता शासनाला विचारले पाहिजे. आणि त्याच्या बाजूने विचारणे हे प्रत्येक समाजवादी कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे.