चोथा आणि कल्हई

भाऊबीजेला अक्काकडे निरवांगीला जायचे म्हणजे ओवाळणी खिशात आणि दाजींचे प्रश्न पुढ्यात, हे ठरलेलेच. निरवांगी इंदापूर तालुक्यात, नीरेच्या खोऱ्यात. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा लागतो. नीरेच्या डाव्या कालव्याने या मुलखाला ऊस दिला आणि उसाने कारखाने दिले. जवळच्या वालचंदनगरला तर 1930 च्या दशकातच साखर कारखाना उभा राहिला.

यंदा फराळ उरकून दाजी मला चुलतभावाच्या गुऱ्हाळावर घेऊन गेले. काहिलीत रस उकळत होता आणि चुलवणात चिपाड भराभर जळत होते. दाजी म्हणाले, "पाव्हणं, तुमचा जन्म प्रयोगशाळेत बाटल्या हलवण्यात गेला. आता एवढं सांगा. रस गेला, साखर गेली, मळी गेली, मागं ऱ्हायला चोथा. इथं आम्ही तो चुलीत घालतो, कारखाना बॉयलरात घालून वीज इकतो. त्यात आणखी काय हाय का?"

आहे, आणि बरेच आहे. एक टन ऊस गाळला की पावणेतीनशे ते तीनशे किलो चोथा निघतो. त्यात निम्मे पाणी. कोरड्या भागात सर्वांत मोठा वाटा सेल्युलोजचा, ज्याचा कागद होतो. पाव भागाच्या आसपास हेमिसेल्युलोज, म्हणजे साखरेच्याच एका जातीची साखळी, पण आपल्याला चहात घालता न येणारी. ही साखळी आम्लात आणि वाफेत तोडली, तिच्यातले पाणी काढून घेतले, की बदामासारख्या वासाचे एक तेलकट द्रव्य मिळते. त्याचे नाव फरफ्युरल. लॅटिनमध्ये 'फरफर' म्हणजे कोंडा. नाव ऐकून हसू येते, पण आहे ते असे आहे.

हे द्रव्य येना येथील रसायनज्ञ डोबेरायनर याला मुंग्यांच्या अंगातले फॉर्मिक आम्ल तयार करताना अवचित सापडले. 1832 साली त्याने ते प्रसिद्ध केले. योगायोग असा, की याच गृहस्थाने 1823 साली प्लॅटिनमच्या भुशीवर हायड्रोजनचा झोत सोडून काडीवाचून दिवा पेटवून दाखवला होता. फरफ्युरल आणि प्लॅटिनम, दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर! दोघांची गाठ घालण्याचे काम मात्र पुढच्यांसाठी राहिले. अमेरिकेत क्वेकर ओट्स कंपनीने 1922 च्या सुमारास ओटच्या टरफलांपासून फरफ्युरल काढण्याचा कारखानाच सुरू केला.

फरफ्युरलला हायड्रोजन जोडला की फरफ्युरिल अल्कोहोल होते. त्यापासून केलेल्या राळेने ओतकामाच्या कारखान्यांत वाळूचे साचे बांधतात. म्हणजे उसाचा चोथा इंजिनाच्या भागाला आकार देऊ शकतो.

पण जोडणे सोपे नाही. फरफ्युरलच्या रेणूला एक कडे आहे आणि एक शेपूट. हायड्रोजन शेपटीला लागला तर हवे ते मिळते. कड्यालाही लागला तर भलतेच. हे जमवायला उत्प्रेरक लागतो, म्हणजे लग्न जमवणारा मध्यस्थ. दोन्ही पक्षांना एकत्र आणतो आणि आपण छत्री घेऊन घरी जातो. (काही जण विरजणाची उपमा देतात. ती फसवी आहे. विरजण स्वतःच वाढत जाते.) निकेल हा फार उत्साही मध्यस्थ, शेपटीवर थांबत नाही, कड्यालाही हात घालतो. तांबे सोशिक, पण सावकाश. अॅडकिन्स याने 1931 साली तांब्याला क्रोमियमची जोड दिली आणि धंद्याने ती उचलली. दुखणे असे, की क्रोमियमचे एक रूप कर्करोगाला कारण होते. वापरून झालेला उत्प्रेरक टाकायचा कुठे, हा प्रश्न उरतो.

म्हणून आता संशोधक दोन धातूंच्या निराळ्या जोड्या जुळवतात. त्यांतली प्लॅटिनम आणि कथील ही जोडी मला विशेष आवडते. घरी आल्यावर दाजींना समजावताना मी अक्काच्या स्वयंपाकघरातले पितळेचे पातेले उचलले. कल्हई केलेल्या भांड्यात आमटी कळकत नाही, कारण आंबट आणि पितळ यांच्या मध्ये कथील येते. प्लॅटिनमच्या पृष्ठावरही कथील असाच आवर घालते. उपमा अर्धीच खरी, हे कबूल करतो. इथे कथील सगळे झाकत नाही. प्लॅटिनमच्या अणूंमध्ये जागोजाग बसते. मग फरफ्युरलच्या कड्याला आडवे पडायला ऐसपैस जागा उरत नाही, आणि शेपटीतला ऑक्सिजन कथिलाकडे ओढला जातो. जिथे हवे तिथेच हायड्रोजन लागतो.

"मग अडलंय कुठं?" दाजी.

अडले आहे ते चोथ्याच्या स्वभावात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. परेश ढेपे आणि सहकाऱ्यांनी 2012 साली पिकांच्या उरल्यासुरल्या भागापासून घन आम्लाच्या मदतीने फरफ्युरल काढल्याचे प्रसिद्ध केले. पण बाटलीतले आणि कारखान्यातले अंतर मी जन्मभर पाहिले आहे. शेतातून येणारा माल मातीसकट येतो. उत्प्रेरकावर काजळी धरते, धातूचे कण गरमीने एकमेकांना चिकटतात. शिवाय प्लॅटिनम सोन्याच्या पंक्तीतले. आणि बॉयलरला जळण लागतेच. चोथा काढून घेतला तर त्याच्या जागी काय जाळायचे?

दाजींनी सुपारी कातरता कातरता खरा प्रश्न काढला. "त्या तेलाचं पैसं कुणाचं?"

रंगराजन समितीने 2012 साली सुचवले, की साखर, चोथा, मळी यांच्या उत्पन्नातले 70 टक्के उसाच्या मालकाला जावेत. 2013 साली महाराष्ट्राने त्याच वळणाचा कायदाही केला. पण हिशेब चोथ्यापाशी संपतो. चोथ्यापासून पुढे जे होईल ते त्या हिशेबात नाही. मी तसे सांगितले. दाजी काही बोलले नाहीत. अक्का मात्र माजघरातून म्हणाली, "म्हणजे पातेलं आमचं आणि कल्हईचे पैसे दुसऱ्यानं न्यायचे!"

निघताना दाजींनी खळ्यावरचे मूठभर चिपाड उचलून नाकाला लावले.

"बदामाचा वास येत न्हाई, पाव्हणं."

"अजून नाही," मी म्हणालो आणि एस.टी. पकडायला निघालो.