विश्लेषण : 281 किलोचा मार्लिन पकडूनही 28 कोटींचं बक्षीस का हुकलं?

जून 2023. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातील 'बिग रॉक' मासेमारी स्पर्धेत 'सेन्सेशन' बोटीच्या चमूने सहा तासांहून अधिक झुंजून 281 किलोचा ब्लू मार्लिन पकडला. सुमारे 35 लाख डॉलर, म्हणजे 28 कोटी रुपये, जवळपास हातात होते. पण माशाला शार्कने चावल्याची जखम दिसली आणि तो बाद ठरला. पहिला क्रमांक 220 किलोच्या मार्लिनला मिळाला.

नियम काय आहे?

आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशनच्या नियमानुसार, पकडण्याआधी शार्क, दुसरा मासा किंवा बोटीच्या पंख्यामुळे मांसापर्यंत जखम झाली, तर मासा ग्राह्य धरत नाहीत. जखमी मासा लवकर दमतो. मग लढत बरोबरीची राहत नाही. म्हणजे चूक कोणाचीच नसली तरी मासा बादच.

खरा प्रश्न कोणता?

एवढे मोठे ब्लू मार्लिन माद्याच असतात. नर क्वचितच 160 किलोच्या पुढे जातात. या स्पर्धेत मासा जिवंत सोडून गुण मिळवण्याचाही गट आहे. पण सर्वात मोठी रक्कम वजनकाट्यावर ठरते, तोवर अंडी घालणारी सर्वात मोठी मादीच मारली जाणार.