सफारीचे आदाब

‘सफारी’ हा स्वाहिली शब्द मूळ अरबी ‘सफर’वरून आला. सफर आली की तिचे आदाबही आले. केनियातील मसाई मारात चित्ता पाहायला गाड्यांची गर्दी होते. सिंह, तरस टाळण्यासाठी चित्ता बहुधा दिवसा शिकार करतो. नेमके तेव्हाच आपण पर्यटक तिथे असतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की गर्दीच्या भागात एका विणीतून सरासरी एक पिल्लूही मोठे होत नाही. कमी गर्दीच्या भागात दोनहून अधिक होतात. म्हणून प्राण्याजवळ एका वेळी पाचच गाड्या आणि २५ मीटर अंतर, असा तिथला नियम आहे. आम्हाला वाटते, ड्रायव्हरला ‘अजून जवळ घ्या’ म्हणण्यापेक्षा आपण दुर्बीण डोळ्यांना लावावी. बेजुबान जिवाची रोजी आपल्या फोटोहून मोठी आहे.