पाठभेदांचे कपाट

एकच चित्रपट पाच वेळा विकत घेणाऱ्या माणसाकडे घरचे लोक कोणत्या नजरेने पाहतात, हे मला चांगले ठाऊक आहे. मुलुंडच्या आमच्या घरातील पुस्तकांच्या कपाटाचे दोन कप्पे वेस्टर्न चित्रपटांच्या तबकड्यांनी व्यापलेले आहेत. जॉन फोर्ड, जॉर्ज स्टीव्हन्स, सर्जिओ लिओने ही मंडळी तिथे दाटीवाटीने नांदतात. 'याच्यात आणि त्याच्यात वेगळं काय आहे?' हा प्रश्न मला वर्षातून दोनदा तरी ऐकावा लागतो. 'नव्या प्रतीत चित्र जास्त स्वच्छ आहे', असे उत्तर मी पूर्वी देत असे. आता देत नाही. कारण स्वच्छ चित्र आणि खरे चित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बऱ्याच पैशांच्या मोबदल्यात माझ्या ध्यानात आले आहे.

हा नाद वडिलांकडून आला. व्हिडिओ लायब्ररीतून भाड्याने आणलेल्या कॅसेटवर 'काउबॉयचे पिक्चर' पाहणे हा आमच्या घरचा रविवारचा कार्यक्रम असे. पुढे व्हीसीडी आली. तिच्या ३५२ बाय २८८ ठिपक्यांच्या चित्रात धावत्या घोड्यांचे चौकोनी तुकडे होत आणि ऐन गोळीबारात तबकडी बदलावी लागे. मग डीव्हीडी आली. हिंदी-मराठी चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांत आणि डीव्हीडी ३४ रुपयांत देऊन मोझर बेअरने २००७ च्या सुमारास हा बाजारच बदलून टाकला. २०१८ मध्ये ती कंपनीही अवसायनात निघाली. मुलुंडहून लोकलने जाऊन जिथे तासन्तास तबकड्या चाळाव्यात ते काळा घोड्याजवळचे ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झाले. या साऱ्या स्थित्यंतरांत आमची एक समजूत मात्र कायम राहिली : नवे आले की जुने रद्द. त्या समजुतीपायी मी लिओनेच्या 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'ची (१९६६) जुनी कॅसेट आणि व्हीसीडी निःशंकपणे रद्दीवाल्याच्या तराजूत टाकली.

मराठीच्या विद्यार्थिनीच्या हातून ही चूक व्हायला नको होती. एम. ए.च्या वर्गात पाठचिकित्सा शिकताना आम्ही काय शिकलो होतो? हस्तलिखित नवे, टपोऱ्या अक्षरातले आणि सुवाच्य आहे म्हणून ते प्रमाण ठरत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती पाठ भ्रष्ट झाले होते म्हणून. आणि पुढे त्यात पदरची ओवी घालू पाहणाऱ्यांना त्यांनी दिलेली ताकीद कोणाही मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. डॉ. सुकथनकरांनी भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना संहितेखाली पाठभेद छापले. संपादकाने आपला निर्णय द्यावा, परंतु ज्या पुराव्यावर तो दिला तो वाचकासमोर ठेवावा, ही त्यामागची सचोटी. चित्रपटाच्या सुधारित आवृत्तीला मी आता हेच प्रश्न विचारते. ही प्रत कोणत्या मूळ साहित्यावरून केली? त्यात काय घातले, काय काढले? आणि वगळलेला पाठ कुठे ठेवला?

रद्दीत टाकलेल्या त्या लिओनेचेच उदाहरण घेऊ. रोममध्ये प्रथम दाखवला गेलेला हा चित्रपट जगभर १६१ मिनिटांच्या रूपात गेला. २००३ मध्ये त्याची इंग्रजी आवृत्ती 'पूर्ण' करण्यात आली. गाळलेल्या प्रसंगांना इंग्रजी आवाज नव्हता, म्हणून सत्तरी ओलांडलेल्या ईस्टवुडला आणि त्याहून बऱ्याच थोरल्या एलाय वॉलकला पुन्हा संवाद बोलायला लावले. ली व्हॅन क्लीफ १९८९ मध्येच निवर्तलेला, तेव्हा त्याच्या जागी दुसराच आवाज आला. तरुण चेहऱ्यातून म्हातारा आवाज निघतो, तो ऐकताना सांधा स्पष्ट कळतो. त्याहून गंभीर बाब अशी, की लिओनेने रोमच्या पहिल्या खेळानंतर स्वतःच काढून टाकलेला गुहेतला प्रसंगही त्यात परत घातला गेला. कवीने स्वहस्ते खोडलेली ओळ संपादकाने पुन्हा मजकुरात आणून बसवावी, तसा हा प्रकार. शिवाय ध्वनी नव्याने बांधताना बंदुकांचे काही आवाज बदलले. लिओनेच्या बंदुकीचा आवाज हा त्याच्या शैलीचाच भाग आहे. तो वास्तवातल्या बंदुकीसारखा नाही, हेच तर त्याचे वैशिष्ट्य! माझ्या कॅसेटवर तो जुना आवाज होता. ती मी विकली होती, किलोच्या भावाने.

रंगांचेही तेच. २०१४ च्या ब्लू-रेमध्ये चित्र पूर्वीपेक्षा रेखीव झाले, पण आकाशापासून कपड्यांपर्यंत साऱ्यावर हळदीचा हात फिरला. २०१७ मध्ये अमेरिकेतील किनो लॉर्बरने तो पिवळेपणा काढून जुन्या लांबीची प्रत आणली. म्हणजे तीन वर्षांत एकाच चित्रपटाच्या दोन 'अधिकृत' दुपारी! फिल्मचा दाणा पुसून चेहरे मेणाचे करणे, ही याच रोगाची आणखी एक तऱ्हा.

चौकटीचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. स्टीव्हन्सचा 'शेन' (१९५३) चित्रित झाला तेव्हा पडदा जवळजवळ चौकोनी होता. प्रदर्शित झाला तेव्हा रुंद पडद्याची लाट आली होती, म्हणून तो वरून-खालून कापून दाखवला गेला. २०१३ मध्ये त्याची ब्लू-रे अशा कापलेल्या चौकटीत येणार होती. जाणकारांनी ओरड केली आणि अखेर ती मूळ चौकटीत निघाली. यावरून 'जास्त चित्र म्हणजे जास्त खरे' असा नियम कोणी काढील, तर त्याने आपल्या 'शोले'कडे (१९७५) पाहावे. वेस्टर्नचा आपल्या मातीतला हा सर्वांत मोठा अवतार. द्वारका दिवेचांनी तो ३५ एमएमवर टिपला, पण ७० एमएमचा रुंद पडदा गृहीत धरून. नंतर तो मोठा करण्यात आला. परदेशी व्हिडिओवर आलेल्या त्याच्या एका प्रतीत चित्र जवळजवळ चौकोनी, म्हणजे वर-खाली अधिक दिसणारे होते. ते अधिक होते, पण रचनेत नसलेले. गंमत अशी, की आणीबाणीत सेन्सॉरमुळे बदलावा लागलेला मूळ शेवट नेमका त्याच प्रतीत होता. शेवट मूळचा, चौकट उपरी! एका प्रतीत सारे शुद्ध पाठ सापडत नाहीत, हा पोथ्यांचा अनुभव इथेही येतो.

२०२५ मध्ये फिल्म हेरिटेज फाउंडेशनने सिप्पी फिल्म्सबरोबर केलेले 'शोले'चे पुनरुज्जीवन बोलोन्याच्या महोत्सवात दाखवले गेले आणि डिसेंबरात ते आपल्याकडे चित्रपटगृहांत आले. मूळ नेगेटिव्ह व्हिनेगर सिंड्रोमने खराब झालेले, ७० एमएमची एकही प्रिंट शिल्लक नाही. ब्रिटनमधल्या गोदामात आणि मुंबईत जपलेल्या दुय्यम साहित्यावरून हे काम उभे राहिले. ते थोर आहे यात शंका नाही, आणि कोणत्या साहित्यावरून केले हे त्यांनी जाहीरपणे सांगितले, याचे मोल मला चित्राच्या झळाळीहून जास्त वाटते. वडिलांना मी तो पाहायला नेले. १९७५ मध्ये त्यांनी मिनर्व्हात तो तीन वेळा पाहिला होता. नव्या प्रतीत पोलीस येऊन ठाकूरला थांबवत नाहीत. गब्बर ठाकूरच्या पायांखाली मरतो. बाहेर पडल्यावर ते म्हणाले, 'छान केलंय गं. पण मी पाहिला तो हा नव्हे.'

त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. दिग्दर्शकाच्या मनातला शेवट हा कर्त्याचा पाठ खरा. परंतु पन्नास वर्षे लोकांनी पाहिला, पाठ केला, ज्याच्यावर वाद घातले तो सेन्सॉरनंतरचा शेवट हाही आता परंपरेचा पाठ आहे. आणीबाणीने एका चित्रपटाचे काय केले याचा पुरावाही त्यातच आहे. म्हणून माझे मत असे, की नवी प्रत जुनीच्या जागी येऊ नये, शेजारी यावी. दोन्ही शेवट एका तबकडीवर देणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही.

यावर आक्षेप येईल, की ही सारी पंडिती चिकित्सा. सामान्य प्रेक्षकाला चांगले चित्र मिळाले की पुरे. मान्य आहे. ज्ञानेश्वरी वाचणारा वारकरीही पाठभेद पाहत नाही. परंतु त्याच्या हाती शुद्ध प्रत पडावी म्हणून कोणीतरी ते पाहावे लागतात. आणि आता तर चित्रपट तबकडीवर नसून कोणाच्या तरी दूरच्या संगणकावर असतो. तिथली प्रत रातोरात बदलली तर कळणारही नाही. जुनी प्रत घरात असणे हाच तेव्हा एकमेव पुरावा उरतो. संग्राहकाचा छंद हौसेच्या पातळीवरून जबाबदारीच्या पातळीवर येतो तो इथे.

आणि आपले? लिओनेचे तीन पाठ ताडून पाहणाऱ्या माझ्या कपाटात दामले-फत्तेलालांच्या 'संत तुकाराम'ची (१९३६) एकच जुनी व्हीसीडी आहे. व्हेनिसला १९३७ मध्ये गौरवलेल्या या चित्रपटाच्या या प्रतीत विष्णुपंत पागनिसांच्या खांद्याशी वितरकाचे बोधचिन्ह अखंड तळपत असते. ती कोणत्या प्रिंटवरून केली, किती मिनिटे गळाली, याचा वेष्टनावर एका शब्दानेही उल्लेख नाही. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर भांडारकर संस्था आहे, आणि त्याच रस्त्यावर १९६४ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही. एका वास्तूत पाठभेदांचे शास्त्र सिद्ध झाले; दुसरीच्या ताब्यातली नायट्रेटची रिळे जानेवारी २००३ मध्ये, त्याच रस्त्यावरच्या जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात जळाली. २०२३ च्या इफ्फीत आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' (१९५३) पुनरुज्जीवित रूपात दाखवला गेला, तेव्हा आशा अगदीच सोडण्याचे कारण नाही. तो चित्रपट घरोघरी पोहोचेल तेव्हा त्याच्यासोबत दोन ओळींचे संपादकीय टिपण यावे, एवढीच मागणी आहे : ही प्रत कशावरून केली, आणि आम्ही काय बदलले. तोवर आपल्या माळ्यावरची मराठी चित्रपटांची जुनी कॅसेट वा व्हीसीडी, कितीही धूसर असली तरी, रद्दीत टाकू नये. कदाचित तीच शेवटची पोथी असेल.