वय झाले म्हणून ऑपरेशन नको?

ऐंशी-नव्वदीतले माणूस घरात पडले आणि खुब्याचे हाड मोडले, की नातेवाइकांचे वाक्य ठरलेले असते, ‘डॉक्टर, या वयात ऑपरेशन कशाला? राहिलेत तेवढे दिवस अंथरुणावर काढू देत.’ ऑपरेशन अस्थिरोगतज्ज्ञ करतात, पण घरच्यांचा निर्णय बहुधा माझ्यासारख्या फॅमिली डॉक्टरसमोरच होतो. या बोलण्यामागे माया असते, भीती असते, खर्चाची काळजीही असते. तरीही केवळ वयाकडे पाहून ऑपरेशन नाकारणे चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला वेदनेमुळे कुशीवर वळता येत नाही. थोड्याच दिवसांत माकडहाडापाशी जखमा होतात. छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, लघवीत जंतुसंसर्ग होतो. माणूस असंबद्ध बडबडू लागतो. रुग्ण दगावतो तो बहुधा यांतल्याच एखाद्या कारणाने.

खुब्याचे हाड मुख्यतः दोन जागी मोडते. मानेशी मोडून सरकले तर वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो. असे हाड म्हातारपणी सहसा जुळत नाही. म्हणून गोळा काढून धातूचा बसवतात. त्याखाली मोडले तर हाड जुळते, पण पायाला वजन बांधून दोन-तीन महिने पडून राहावे लागते. आत सळई किंवा पट्टी आणि स्क्रू बसवले की रुग्णाला लवकर उभे करता येते. हाडवैद्याच्या लेपाने यांतले काहीच साधत नाही. पडल्यावर पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, तर चोळू नका; आधी एक्स-रे काढा.

‘हृदयाला भूल सोसेल का?’ हा प्रश्न रास्त आहे. बरेचदा कमरेत इंजेक्शन देऊन फक्त खालचा भाग बधिर करतात. तरी धोका असतोच. प्रगत देशांतही खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण एक चतुर्थांश वर्षभरात दगावतात. म्हणूनच घाई हवी. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनेनुसार दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन व्हावे आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी रुग्णाला उभे करावे. आपल्याकडे मुंबईचा मुलगा आणि पुण्याची लेक येऊन चर्चा होईपर्यंत चार दिवस निघून जातात. चर्चा फोनवर करा, पण रुग्णाला आधी हलवा.

खर्चाचे म्हणाल, तर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेचा लाभ मिळतो. कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. कार्ड आजच काढून ठेवा.

मग सरसकट सर्वांचे ऑपरेशन करावे काय? तसेही नाही. आधीच दुर्धर आजाराने अखेरच्या दिवसांत असलेल्या माणसाला वेदना शमवून, मायेने सांभाळणे हाही योग्य उपचारच आहे. नेदरलँड्समध्ये शुश्रूषागृहांतील अतिशय जर्जर वृद्धांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशन नको म्हणणाऱ्यांपैकी बहुतेक जण महिन्याभरात गेले, पण त्यांचे उरलेले दिवस ऑपरेशन झालेल्यांपेक्षा अधिक हालाचे नव्हते. मात्र तिथे रुग्ण, नातेवाईक आणि डॉक्टर यांनी समोरासमोर बसून निर्णय घेतला होता. पडण्याआधी काठी टेकत देवळात जाणाऱ्या आजींना हा नियम लावू नका.

ऑपरेशननंतर हाडांच्या ठिसूळपणाचे औषध डॉक्टरांना विचारून जरूर सुरू करा. न्हाणीघरात धरायला दांडी बसवा, रात्री दिवा ठेवा. कारण दुसरा खुबाही मोडू शकतो.

आणि एक विनंती. निर्णय दवाखान्याच्या व्हरांड्यात घेऊ नका. आजी-आजोबा शुद्धीवर असतील, तर त्यांच्या खाटेशी बसा, सगळे समजावून सांगा आणि त्यांना काय हवे ते विचारा. पाय त्यांचा आहे.