क्षमा मिळाली, पण भरपाईचे काय?

(द्वितीय वर्ष, कला)

‘करून करून भागला आणि देवपूजेला लागला’ ही म्हण आमच्या कोलशेत गावात अजूनही कानावर पडते. पश्चात्ताप म्हटले की लोकांना असाच माणूस आठवतो. ख्रिस्ती धर्माबद्दल तर आपल्याकडे एक सोयीची समजूत आहे : फादरच्या कानात पाप सांगितले की माणूस मोकळा! मीही तसेच मानत होतो. ती समजूत चुकीची आहे हे मला पटले, त्याला माझाच एक अपराध कारण झाला.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आई मासळी विकते. मी बारावीत असताना तिने फीसाठी डब्यात ठेवलेल्या पैशांतले २०० रुपये मी मित्रांबरोबर उडवले. आळ आला धाकट्या भावावर. आईने त्याला बडवले आणि मी दारात उभा राहून पाहत होतो. रात्री देव्हाऱ्यापुढे डोके टेकले, रडलो, सोमवारचा उपवास धरला. माझे मन हलके झाले. भावाचे ‘चोर’ हे नाव मात्र घरात तसेच राहिले.

पुढे कॉलेजातल्या एका ख्रिस्ती मित्राबरोबर मी ठाण्याच्या मासुंदा तलावाजवळील सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये गेलो. हा जॉन म्हणजे बायबलातला बाप्तिस्मा देणारा योहान. पश्चात्ताप करा, असे तो यार्देन नदीकाठी लोकांना सांगे. ‘मग आम्ही करावे तरी काय?’ असे लोकांनी विचारले, तेव्हा त्याने रडायला सांगितले नाही. दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, जकातदारांनी ठरल्याहून अधिक घेऊ नये, शिपायांनी कोणाला लुबाडू नये, असे ज्याला त्याला त्याच्या व्यवहारातलेच उत्तर दिले.

मित्राने आणखी एक गोष्ट सांगितली. कॅथलिक धर्मगुरू पापाची क्षमा जाहीर करतात, पण चोरलेले परत करणे, ज्याची बदनामी केली त्याचे नाव धुऊन काढणे, ही जबाबदारी पाप सांगणाऱ्याच्याच शिरावर राहते.

कोणी म्हणेल, येशूने सर्वांची पापे स्वतःवर घेतली अशी त्यांची श्रद्धा आहे. मग माणसाला करायचे उरले काय? मला येथे जक्कय आठवतो. हा यरीहोचा मोठा जकातदार, लोकांना नागवून श्रीमंत झालेला. ज्यांना फसवले त्यांना चौपट परत देईन, असे तो म्हणाला. पण कधी? येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून यायला स्वतःहून तयार झाला, त्यानंतर. म्हणजे ती भरपाई क्षमेची किंमत नव्हती. प्रेम आधी मिळाले, म्हणून त्याला आपल्या करणीची लाज वाटली. क्षमा फुकट मिळते, पण ती खरोखर मिळालेला माणूस दुसऱ्याचे देणे बुडवत नाही, असे मला वाटते. हे समजायला ख्रिस्तीच असले पाहिजे असेही नाही.

‘मी काय करावे?’ असे मी योहानाला विचारले असते, तर त्याने मला उपवास सांगितला नसता; आईकडे पाठवले असते.

मी गेलो. तोवर दीड वर्ष लोटले होते. भावाला समोर बसवून आईला सारे सांगितले. आई काहीच बोलली नाही. तिने फक्त त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही. तेवढे माझ्या हिशेबात होतेच.