विश्लेषण : युद्धाच्या खोट्या बातम्यांतून कमावतो कोण?

शस्त्रास्त्रांचा दलाल, त्याच्या खिशातला संपादक, खोट्या हल्ल्याची बातमी आणि दुसऱ्या दिवशी वधारलेले शेअर. युद्धावरच्या थरारक कादंबऱ्यांचा हा ठरलेला मसाला. 1997 च्या ‘टुमॉरो नेव्हर डाइज’ या बॉण्डपटात तर बातमीसाठी युद्ध पेटवू पाहणारा माध्यमसम्राटच खलनायक होता. वाचायला, बघायला झकास. पण सूत्रधार सापडला की गोष्ट संपते, ही या कथांची गोची. मे 2025 मध्ये आपल्याकडे जे घडले, त्याला सूत्रधाराची गरजच पडली नाही.

नेमके काय घडले?

‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू असताना 8 मेच्या रात्री भारतीय नौदलाने कराची बंदरावर हल्ला केल्याचे काही वृत्तवाहिन्यांनी सांगून टाकले. तसे काही झालेच नव्हते. व्हिडीओ गेममधील दृश्ये आणि भलत्याच युद्धांच्या चित्रफिती ‘ताज्या’ म्हणून फिरल्या. पत्र सूचना कार्यालयाचा तथ्य तपासणी विभाग एकेक दावा खोडत राहिला. कार्यक्रमांत हल्ल्याचे भोंगे इतके वाजवले गेले, की ते वापरू नका, असे केंद्राला कळवावे लागले. पूंछमध्ये तर पाकिस्तानी तोफमाऱ्यात जीव गमावलेल्या एका शिक्षकालाच काही वाहिन्यांनी दहशतवादी ठरवले. पोलिसांनी ते फेटाळले. पुढे तिथल्या न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. घरात मयत झालेले असताना त्या कुटुंबाने हे ऐकले.

हे कुणी मुद्दाम रचले?

काही वेळा रचले जातेही. ऑक्टोबर 1990 मध्ये अमेरिकी लोकप्रतिनिधींपुढे एका 15 वर्षांच्या मुलीने रडत सांगितले, की इराकी सैनिकांनी कुवेतच्या रुग्णालयात अर्भकांना काचपेटीतून काढून मरायला टाकले. ती अमेरिकेतील कुवेतच्या राजदूतांची मुलगी होती आणि मोहीम एका जनसंपर्क कंपनीने चालवली होती, हे 1992 मध्ये उघड झाले. तोवर युद्ध होऊन गेले होते.

आता एवढा खटाटोप लागत नाही. वाहिनीला प्रेक्षकसंख्येवर जाहिराती मिळतात. ‘एक्स’ने 2023 पासून पात्र खातेदारांना कमाईत वाटा देणे सुरू केले, यूट्यूब तो आधीपासूनच देते. बनावट चित्रफीत टाकणाऱ्याला युद्ध कोण जिंकते, याच्याशी देणेघेणे नसते. ‘ऑपरेशन सिंदूर’ हे नाव जाहीर झाले त्याच दिवशी त्याचा व्यापारी हक्क मागणारे अर्ज दाखल झाले होते! टीका झाल्यावर एका बड्या उद्योगसमूहाने आपला अर्ज मागे घेतला. त्या महिन्यात संरक्षण कंपन्यांचे शेअरही वधारले. तो गुन्हा नव्हे, देशाला शस्त्रे लागतात. पण भीती आणि उन्मादाला भाव मिळतो, हे त्या दिवसांत लपून राहिले नाही.

वर्ध्याला याचे काय?

बोरगाव मेघेहून सीमा दूर वाटते. मात्र याच जिल्ह्यात पुलगावला लष्कराचे देशातील सर्वांत मोठे दारूगोळा भांडार आहे. 31 मे 2016 च्या पहाटे तिथल्या आगीत दोन लष्करी अधिकाऱ्यांसह आग विझवायला धावलेले अनेक कर्मचारी गेले. 20 नोव्हेंबर 2018 रोजी जुना दारूगोळा निकामी करण्याच्या कामात स्फोट होऊन सहा जण दगावले. त्यांत मजूर होते. युद्धसामग्रीची किंमत हा जिल्हा शांततेच्या काळातही मोजतो. अशा ठिकाणाविषयी एखादी खोटी चित्रफीत युद्धाच्या रात्री फिरली, तर आसपासच्या गावांत काय होईल? 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने भिक्षुकी करणाऱ्या पाच जणांना ठेचून मारले. त्या दिवसांत अशा अफवांसोबत फिरणारी मृत मुलांची छायाचित्रे सीरियातील 2013 च्या विषारी वायुहल्ल्याची होती.

मग करायचे काय?

‘फॉरवर्ड करण्याआधी विचार करा’ हा सल्ला बरा आहे, पण तो सगळा भार वाचकावर टाकतो. वाहिन्यांच्या स्वनियमन व्यवस्थेतील एक लाख रुपयांचा कमाल दंड परिणामकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्येच सुनावले होते. दंड त्या तासाच्या जाहिरात उत्पन्नाशी जोडायला हवा. खोटी ठरलेली बातमी ज्या वेळेत दिली, त्याच वेळेत आणि त्याच निवेदकाने दुरुस्ती वाचावी. समाजमाध्यम कंपन्यांनी खोट्या ठरलेल्या युद्धचित्रफितीवरचा वाटा रोखावा आणि किती रोखला, ते दर तिमाहीला जाहीर करावे.